आधी जड सोंगटी

"आज या पेटीतला सगळा कचरा मी स्वतःच्या हाताने बाहेर काढणार! संध्याकाळपर्यंत घोड्यासारखी पळाली नाही ना, तर नावाचा ओनेलिओ नाही!"

ही घोषणा ओनेलिओने बाल्कनीत उभं राहून केली. समोरच्या बाल्कनीत नेरेईदा चादरी वाळत घालत होती, तिने ऐकली. खालून पाववाला सायकल ढकलत चढ चढत होता, त्यानेही ऐकली. मातान्सास शहरातल्या आमच्या या उताराच्या गल्लीत कुणाला काही खासगी बोलायचं असेल तर तो पार नदीवर जाऊन बोलतो. घरात बोललेलं सगळ्यांचंच असतं.

पेटी म्हणजे घरातला कॉम्प्युटर. त्याचं बूड कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेलं, पडदा कुणाच्या तरी मावशीचा, आणि आतला पंखा ओनेलिओने एका मेलेल्या फ्रिजमधून काढून बसवलेला. ओनेलिओ साखर कारखान्यातला जुना वायरमन. त्याने आयुष्यात कधी काही फेकलेलं नाही. त्याच्या पलंगाखाली जळक्या मोटारी, बिनझाकणाच्या बरण्या, बिनबरण्यांची झाकणं असा सगळा संसार आहे. त्याच्या बायकोने, मिग्दालियाने, त्यावरून चाळीस वर्षं त्याचं डोकं खाल्लं आहे. "कधीतरी काहीतरी टाक रे बाबा!" हे ती सकाळच्या कॉफीबरोबर म्हणते, साखर घालावी तसं.

आणि नेमकी त्या गुरुवारी या माणसाला टाकायची हुक्की आली!

कारण तसंच होतं. शनिवारी नातीचं, युस्लेदिसचं, पंधरावं. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस, पंधरावं, म्हणजे लग्नाहून मोठं. लग्नं काय, दोन-तीन होतात, पंधरावं एकदाच. पोरीने स्वतःच्या फोटोंची फिल्म करायला घेतली होती, जन्मापासून आजपर्यंतची. शनिवारी अंगणात पांढरी चादर लावून ती सगळ्यांना दाखवायची होती. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट अशी की पोरीची आई, इदानिया, चार वर्षांपूर्वी स्पेनला गेली आणि तिकडेच अडकली. कागदावरचे फोटो वादळाच्या पुरात भिजून त्यांचा लगदा झाला. मायलेकी एकत्र असलेले जे काही फोटो जगात उरले होते, ते या पेटीत होते. शनिवारी आई फोनवरून बघणार होती आणि लेक चादरीवर दाखवणार होती.

आणि पेटी चालायला तयार नव्हती.

"हलकं म्हणे!" ओनेलिओ घरात येऊन टेबलावर हात आपटत ओरडला. "जुन्या यंत्रांसाठी खास बनवलेलं हलकं लिनक्स म्हणे! मी कॉफी करून, पिऊन, कप विसळून येतो, तरी पडद्यावर पोरीचं अर्धंच नाक!"

"आजोबा, हात लावू नकोस," युस्लेदिस पोशाखाच्या मापाला निघाली होती, ती दारातून म्हणाली. "हळू आहे, पण चालतंय."

"चालतंय? रांगतंय! तू जा. येशील तेव्हा बघ."

"रेमिखिओकाकांना विचार ना आधी."

झालं! ते नाव काढायची खोटी, ओनेलिओच्या अंगाचा तिळपापड झाला.

हे लिनक्स तीन वर्षांपूर्वी रेमिखिओनेच घालून दिलं होतं. रेमिखिओ म्हणजे ओनेलिओचा जन्माचा दोस्त आणि डोमिनोतला भागीदार. पण तीन आठवड्यांपूर्वी, बदामाच्या झाडाखालच्या टेबलावर, या भागीदाराने घात केला. डोमिनोत शहाणा माणूस जड सोंगटी आधी टाकतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. कारण डाव अडला की प्रत्येकाच्या हातात उरलेले ठिपके मोजतात, आणि ज्याच्या हातात ठिपके जास्त तो मेला. डाव अडला. सगळ्यांनी सोंगट्या उघड्या केल्या. आणि रेमिखिओच्या हातातून निघाली दुहेरी नऊ! अख्ख्या डावातली सगळ्यात जड सोंगटी! हा बाबा ती अंडं उबवावं तशी उबवत बसला होता!

"लाज वाटते का?" ओनेलिओ तेव्हा ओरडला होता.

"मला अंदाज होता," रेमिखिओ म्हणाला होता.

"कसला अंदाज? हवामानाचा?"

तेव्हापासून बोलणं बंद. गल्लीतून समोरासमोर आले की एक जण ढगांकडे बघायचा, दुसरा गटाराकडे.

तर ओनेलिओ पेटीसमोर बसला. रेमिखिओला तीन वर्षं करताना बघितलं होतं, त्यामुळे ती काळी खिडकी कशी उघडायची, त्यात काय लिहिलं की कुठलं सॉफ्टवेअर निघतं, एवढं त्याला येत होतं. त्याहून जास्त येत नव्हतं, पण ते त्याला कोण सांगणार! त्याने आत असलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरची यादी काढली. ही भली मोठी! पावाच्या रांगेसारखी संपेचना.

"बघितलंस?" तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला. "बघितलंस काय काय भरून ठेवलंय त्या हरामखोराने? यातलं एक नाव ओळखीचं असेल तर शपथ!"

"मग कुठलं काढायचं हे कसं कळणार तुला?" मिग्दालिया आतून म्हणाली. ती शनिवारसाठी राजमा-भात शिजवायला केवढं पातेलं लागेल याच्या काळजीत होती.

"त्यात काय कळायचंय? जड ते आधी!"

आणि त्याने यादी वजनाप्रमाणे लावली. सगळ्यात जड सगळ्यात वर. मग शांतपणे, डोमिनोच्या टेबलावर बसल्यासारखी मान डोलवत, त्याने वरून एकेक उडवायला सुरुवात केली. पहिलं गेलं. दुसरं गेलं. फिल्म बनवायचं सॉफ्टवेअरही बरंच वर होतं, तेही गेलं. त्याचं नाव परदेशी होतं, ओनेलिओला काय माहीत ते कशाचं! प्रत्येक वेळी तो जोरात 'टाकली!' म्हणायचा आणि टेबलावर थाप मारायचा.

एका जाड्याजुड्या नावापाशी मात्र कॉम्प्युटर अडला. त्याने इशारा दिला की हे काढलंत तर यंत्र पुन्हा सुरू होणार नाही असं दिसतंय, आपल्याला कळतंय ना आपण काय करताय?

"मला विचारतोस?" ओनेलिओचं डोकंच फिरलं. "तू मला विचारतोस? कारखान्याचा मुख्य खटका ज्याने एकट्याने बदलला, त्याला?"

कॉम्प्युटर म्हणाला, ठीक आहे. खरंच काढायचं असेल, तर हे वाक्य जसंच्या तसं लिहा: 'हो, मी सांगतो तसंच करा!'

ओनेलिओने ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा उजळला.

"मिग्दालिया! इकडे ये! पळत ये!"

ती हात पुसत आली.

"वाच. हे यंत्र काय म्हणतंय वाच. 'मी सांगतो तसंच करा'! आणि करतंय! शिक याच्याकडून काहीतरी!"

मिग्दालियाने वाचलं. "चाळीस वर्षं वाट बघितलीस या वाक्याची," ती म्हणाली, "आणि शेवटी ऐकून घेणारं मिळालं ते हे डबडं. टाक बाबा टाक. तुला काहीतरी टाकताना बघून डोळे मिटेन म्हणते."

ओनेलिओने दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, वाक्य लिहिलं आणि बटण दाबलं. गेलं!

आणि गंमत बघा, काहीही झालं नाही! पेटी चालूच राहिली. उलट जरा हलकी झाल्यासारखी वाटली. जागाही केवढी मोकळी झाली! ओनेलिओ तडक बाल्कनीत.

"नेरेईदा! अर्धं ओझं उतरवलं! सांग जाऊन त्या रेमिखिओला, जड सोंगटी कशी टाकतात ते!"

"सांगते हं!" नेरेईदा म्हणाली. ती खरंच सांगते, हाच तिचा प्रॉब्लेम आहे.

तेवढ्यात वीज गेली.

त्यात विशेष काही नव्हतं. आमच्याकडे विजेचं वेळापत्रक असतं, फक्त विजेने ते कधी वाचलेलं नाही. ओनेलिओ वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वेताच्या झुलत्या खुर्चीत बसला. दुपार टळता टळता वीज आली. पंखा फिरला, रेडिओ बोलला, आणि ओनेलिओने हात चोळत पेटीचं बटण दाबलं.

काळा पडदा. वर डाव्या कोपऱ्यात पांढरी एकच ओळ: सुरू करण्याजोगं काहीही सापडलं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. तीच ओळ. पेटीला एक चापट मारली. तीच ओळ. वायरी उपटल्या, खोचल्या. झाकण काढून फुंकर मारली. आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, आमच्याकडे त्याने सगळं बरं होतं. ओळ तिथेच!

"अरे, तुला सांगतोय ना! मी सांगतो तसंच कर!" तो किंचाळला.

दारात युस्लेदिस उभी होती. मापाच्या टाचण्या अजून पिशवीला टोचलेल्या. तिने पडद्याकडे बघितलं, आजोबाकडे बघितलं. ती किंचाळली असती तर बरं झालं असतं. ओनेलिओला किंचाळणाऱ्यांशी कसं वागायचं ते येतं.

"आजोबा," ती म्हणाली, "आई होती ना त्यात."

आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. आपटलंसुद्धा नाही.

ओनेलिओच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो ओनेलिओ! पाणी पळालं की त्याच्या तोंडात आग येते. तो विजेवर ओरडला, लिनक्सवर ओरडला, फ्रिजच्या पंख्यावर ओरडला.

"घशाची काहिली करून काय होणार?" मिग्दालियाचाही आवाज चढला. "पोरीची आई एकदा गेलीच होती, आता तू दुसऱ्यांदा घालवलीस! जा, आत्ताच्या आत्ता रेमिखिओकडे जा आणि पाय धर!"

"मेलो तरी जाणार नाही!"

"मग मर!"

असं म्हणून ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ओनेलिओ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेबलाखाली शिरला, पाठीवर पडला आणि वायरींकडे बघत राहिला. वायरींचा काही दोष नाही हे त्याला कळत होतं. पण टेबलाखाली निदान कुणाला तोंड दाखवावं लागत नव्हतं. उकाडा मरणाचा. ओरडून ओरडून जीव थकलेला. पडल्या पडल्या त्याचा डोळा लागला.

आता समोरच्या बाल्कनीतून हे कसं दिसलं असेल? दिसल्या त्या फक्त ओनेलिओच्या दोन तंगड्या, टेबलाखालून बाहेर आलेल्या, निश्चल. शेजारी जमिनीवर बायको, डोकं धरून. आजूबाजूला उपटलेल्या वायरी.

"आई गं!" नेरेईदाच्या हातातून चिमटे गळाले. "ओनेलिओ गेला!"

गल्लीच्या वरच्या टोकाला बातमी पोचली तेव्हा तो हृदयाने गेला होता. पावाच्या रांगेपर्यंत पोचली तेव्हा शॉक लागून गेला होता. बदामाच्या झाडाखाली पोचेपर्यंत त्याने नातीच्या पंधराव्याचा खर्च न झेपून कॉम्प्युटरची वायर तोंडात धरली होती. केकवाल्या बाईने निरोप धाडला की वाईट वाटलं, पण केकवरचं गुलाबी खरवडून पांढरं करू का, तेवढं लवकर कळवा.

आणि बदामाच्या झाडाखाली बसलेला रेमिखिओ उठला. हातातल्या सोंगट्या त्याने तशाच टाकल्या, एक तेवढी खिशात घातली. गल्लीचा चढ तो धापा टाकत, एक चप्पल मागे सोडून चढला.

दार उघडंच होतं. खोलीत अंधारलं होतं. रेमिखिओ गुडघ्यांवर बसला, त्या तंगड्यांपाशी.

"मिग्दालिया, काही बोलू नकोस," तो हुंदका देत म्हणाला. मिग्दालिया बोलणारच होती, पण ते ऐकून थांबली. "मला बोलू दे. चूक माझी होती! दुहेरी नऊ मला टाकता येत होती. दोनदा टाकता येत होती! मी विसरलो. विसरलो आणि वर म्हणालो, अंदाज होता. कसला अंदाज? गाढव होतो मी! ओनेलिओ, माझ्या भावा, तूच बरोबर होतास!"

आणि खिशातून दुहेरी नऊची सोंगटी काढून त्याने ती टेबलाखाली हात घालून अलगद ओनेलिओच्या छातीवर ठेवली. "घेऊन जा बरोबर. आम्ही तिच्याशिवाय खेळू."

टेबलाखालून आवाज आला, "काय म्हणालास? पुन्हा बोल!"

रेमिखिओ एवढ्या जोरात किंचाळला की समोरच्या बाल्कनीत नेरेईदाने छातीवर क्रुसाची खूण केली. ओनेलिओ उठायला गेला, टेबलाला डोकं आपटलं, आणि कपाळ चोळत बाहेर आला. हातात सोंगटी.

"'तूच बरोबर होतास' तेवढंच ऐकलं. त्याच्या आधीचं सांग."

"तू... तू मेला नाहीस?" रेमिखिओचा चेहरा पांढऱ्याचा लाल झाला. "मेला नाहीस तर टेबलाखाली काय करत होतास, नालायका? चप्पल गेली माझी! बोललेलं सगळं परत घेतो! एक शब्द तुझ्याकडे राहता कामा नये!"

"साक्षीदार आहे! मिग्दालियाने ऐकलंय!"

"मी काही ऐकलं नाही," मिग्दालिया उठली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. "मला एवढंच ऐकायचंय, फोटो परत येतात की नाही."

रेमिखिओने पडद्यावरची पांढरी ओळ वाचली.

"काय काढलंस?"

ओनेलिओ स्क्रू-ड्रायव्हर पुसायला लागला.

"काय काढलंस, विचारतोय!"

"जड होतं ते," ओनेलिओ पुटपुटला. "आधी जड."

"जड होतं ते! अरे शुंभा, तो गाभा होता! सगळं यंत्र त्याच्या डोक्यावर उभं होतं, म्हणून तो जड होता! तू तुळई काढलीस आणि वर बाल्कनीत जाऊन नाचलास! आणि त्याने तुला विचारलं नाही? नक्की ना, म्हणून?"

"विचारलं," ओनेलिओ म्हणाला. "मोठं वाक्य लिहून घेतलं."

रेमिखिओने कपाळाला हात लावला. मग शांतपणे म्हणाला, "फोटो आहेत. फोटोंना तू हात लावलेला नाहीस, ते आपल्या जागेवर आहेत. फक्त दार उघडणारं कुणी आत उरलेलं नाही. जी सीडी घालून मी हे बसवलं होतं, ती तुला ठेवायला दिली होती. आण."

ओनेलिओची छाती पुन्हा फुगली. "माझ्या घरातून काडीसुद्धा बाहेर जात नाही!" तो पलंगाखाली शिरला. मोटारी निघाल्या, बरण्या निघाल्या, रशियन पंख्याचं पातं निघालं. सीडी निघेना.

"चकचकीत होती ती?" मिग्दालियाने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता. "मध्ये भोक असलेली?"

तिघंही बाल्कनीत गेले. कबुतरांनी कपड्यांवर बसू नये म्हणून दोरीला टांगलेली सीडी वाऱ्यावर गरगर फिरत होती. तिच्यावर कबुतराने आपलं मतही नोंदवलं होतं.

"टाक टाक म्हणते चाळीस वर्षं!" ओनेलिओ गरजला. "आणि मी ठेवलेलं टांगतेस?"

"तू तोंड उघडूच नकोस!" मिग्दालिया आणि रेमिखिओ एकदमच ओरडले.

रेमिखिओने सीडी धुतली, ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळली, मऊ फडक्याने मायेने पुसली. मग त्याने ओनेलिओला टेबलाच्या पलीकडे, समोर बसवलं.

"डोमिनोचा नियम. भागीदार समोर बसतो आणि बोलत नाही. एक शब्द काढलास तर मी घरी."

ओनेलिओ बसला. दातांवर दात दाबून, मुठी वळून, पण बसला. सीडी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. तीनदा हेच. ओनेलिओच्या कपाळाची शीर उडत होती. आणि मग पडदा निळा झाला. रेमिखिओने कुठेतरी दोन-चार दारं उघडली, आणि मावशीच्या त्या पडद्यावर हळूहळू, वरून खाली, एक नाक आलं. मग एक हसू. इदानिया, रुग्णालयाच्या खाटेवर, कुशीत मूठभर युस्लेदिस.

ओनेलिओने तोंड उघडलं. मिटलं. उठला, आणि नातीच्या दारावर टकटक केली.

फिल्म मात्र झाली नाही. फिल्म बनवायचं सॉफ्टवेअर त्या सीडीत नव्हतं, आणि ते फोनच्या इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं म्हटलं असतं तर पोरीचं सोळावं आलं असतं. शनिवारी अंगणात चादर लागली, आणि रेमिखिओ पेटीपाशी बसून हाताने एकेक फोटो पुढे सरकवत होता. ना गाणं, ना त्या उडत्या फुलांची नक्षी. युस्लेदिस गुलाबी पोशाखात फोन धरून उभी होती आणि फोनमधून तिची आई चादरीकडे बघत होती.

"थांबा," फोनमधून इदानिया म्हणाली. "पुढे नको. ही भिंत आठवते का गं तुला? तू इथे दात पाडला होतास."

रेमिखिओ थांबला. प्रत्येक फोटोला ती थांबवायची, आणि प्रत्येक फोटोची गोष्ट सांगायची, आणि अंगणातलं कुणीतरी म्हणायचं, नाही नाही, ते असं झालं होतं, आणि भांडण व्हायचं. फिल्म सगळी मिळून चार गाण्यांत संपली असती. हे संपेपर्यंत भात दोनदा गरम करावा लागला. शेवटी युस्लेदिस आजोबापाशी आली.

"मी अजून रागावलेय," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

जेवणं झाल्यावर टेबल लागलं. ओनेलिओ आणि रेमिखिओ समोरासमोर, तीन आठवड्यांनी. कबुतराच्या मतासकट सगळं विसरलं गेलं होतं. विरुद्ध जोडीवर डाव चढत होता. ठकाठक सोंगट्या पडत होत्या. आणि डाव अडला.

"मोजा!" रेमिखिओ खुशीत ओरडला. "आपलेच कमी! उघड, ओनेलिओ!"

ओनेलिओ उघडेना.

रेमिखिओने टेबलावरून वाकून त्याचा हात उलटा केला. दुहेरी नऊ!

"अरे!" रेमिखिओची खुर्ची मागे पडली. "अरे, दोनदा टाकता येत होती! तीनदा! सगळ्यात जड सोंगटी आणि तू धरून बसलास? तू? जगाला शिकवणारा तू?"

सगळं अंगण बघत होतं. ओनेलिओने एकदा चादरीकडे बघितलं, एकदा हातातल्या सोंगटीकडे. त्या रात्री पहिल्यांदाच त्याचा आवाज कुणालाही बोचणार नाही इतका खाली आला होता.

"टाकणारच होतो रे," तो म्हणाला. "पण म्हटलं, हिच्यावरच काही उभं असलं तर?"